गॅलहरांची भावकी

गालावर बर्फ धरून, तोंडात कापसाचा बोळा कोंबून बसलेल्या गोऱ्या पेशंटला त्याचं आडनाव खोदून खोदून विचारणारी बाई अख्ख्या बहरीनमध्ये एकच होती, आणि ती नेमकी माझ्या शेजारी राहायची. शालनताई गॅलहर. माहेरच्या सावंत, कुडाळकडच्या. सीफमधल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायच्या. कोणी गोरा आला की पहिला प्रश्न, तुम्ही गॅलहर का? नाही म्हटलं तर आईकडून? तेही नाही तर बायकोकडून? तो बिचारा दुखऱ्या जबड्याने नाही नाही करत राहायचा. डॉक्टरांनी दोनदा समज दिली. शालनताई म्हणाल्या, "भावकीची चौकशी केली तर कोणाचा दात पडत नाही."

त्यांचे यजमान आयरिश. इथल्या विमानतळावर विमानं दुरुस्त करायचे. मी साताऱ्याहून गुदैबियात राहायला आलो त्याच्या आधीच ते गेले, आणि इथेच त्यांना पुरलं. शालनताई दर शुक्रवारी कबरीवर जायच्या. मी फक्त त्यांचा फोटो पाहिलाय. नारळासारखं लाल-तांबूस डोकं आणि मिश्कील डोळे. त्यांचं नाव काय, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही. शालनताई जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. दिवसातून पन्नासदा "आमचे गॅलहर", बस्स.

लग्न ठरलं तेव्हा कुडाळच्या चुलत्यांनी एकच विचारलं होतं म्हणे. मुलगा गोरा आहे हे दिसतंच आहे, पण मूळ गाव कोणतं, कुळ कोणतं, देवक काय? ही गोष्ट शालनताईंनी मनाला फार लावून घेतली. सासरचं सगळं खणून काढलं. मूळ गाव डोनेगॉल, आयर्लंडच्या वरच्या टोकाला, समुद्राकाठी, खडकाळ. "आमच्या वेंगुर्ल्यासारखाच, फक्त थंडी." तिथल्या जुन्या बोलीत आडनावाचा अर्थ परमुलखातला मदतनीस असा काहीसा. कधीकाळी सरदारक्या होत्या, त्या गेल्या. मग बटाट्यावर रोग पडला, उपासमार झाली, आणि भावकी बोटींत बसून पांगली. कोणी ग्लासगोला, कोणी अमेरिकेत, कोणी थेट ऑस्ट्रेलियात. हे सगळं त्या असं सांगायच्या की वाटावं, त्या स्वतः धक्क्यावर रुमाल हलवत उभ्या होत्या.

राहिलं देवक. ज्याच्यावर कुळ जगलं ते देवक, असा हिशोब करून त्यांनी बटाटा ठरवला. आता देवकाला सुरी लावत नाहीत. झालं! त्या घरात बटाटा चिरणं बंद. लग्नानंतर तो आयरिश माणूस जन्मभर वांगी आणि भेंडी खात राहिला. कधीतरी अख्खा उकडलेला बटाटा हाताने फोडून ताटात पडायचा, तोही नमस्कार करून. मी म्हटलं, ताई, हा अन्याय आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, "त्यांका म्हाईत होता सगळा. कँटीनात चिप्स खाऊन येत. मी तोंडाचो वास घेतलंय, पण बोललंय नाय."

गेल्या वर्षी मात्र ही चौकशी हाताबाहेर गेली. मॉलमध्ये तांबूस केसांचा कोणी दिसला की पिशवी माझ्या हातात देऊन ताई त्याच्या मागे. मला लाज वाटायची. एकदा एका जोडप्याला त्यांनी आईस्क्रीमच्या दुकानात गाठलं. ती दोघं निघाली डेन्मार्कची. घरी येताना गाडीत मी चिडून बोललो, की एवढं काय अडलंय तुमचं त्या गॅलहरांवाचून?

 मग म्हणाल्या की नोकरी संपतेय, व्हिसाही संपणार. भावाने कुडाळला खोली बांधून ठेवलीय. जावंच लागेल. मूलबाळ नाही. दिरांपैकी कोणी राहिलं नाही.

"मी गेलंय की हय त्यांचा कोण, झिला? शुक्रवारी कोण जातला? कोणी एक गॅलहर गावलो असतो, तर तेच्या ओटीत घालून गेलंय असतंय."

 मघाशी चिडलो त्याचं फार वाईट वाटलं.

गॅलहर काही मिळाला नाही. ओळखीच्या ओळखीचा एक गॅलहर रिफा भागात राहतो असं कळलं, तिथे गेलो तर तो कधीच देश सोडून गेलेला. जायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी ताई नारळ घेऊन माझ्या दारात. म्हणाल्या, यल्ला, चल.

कबरस्तानाच्या फाटकावर एक वयस्कर मल्याळी राखणदार बसतो. त्याने नारळाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि ओळखीचं हसून आत सोडलं. कबर स्वच्छ होती, कडेने मीठफुटी येऊ नये म्हणून ताईंनी चुना लावलेला. त्यांनी नारळ ठेवला आणि मला म्हणाल्या, गाऱ्हाणं घाल. आमच्याकडे देशावर ही पद्धत नाही. कोकणात कुठलंही मोठं काम असलं की जाणता पुरुष देवाला सगळी हकीकत सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात, एवढं मला ऐकून माहीत. मला येत नाही म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. "मग तू नुसतो व्हय म्हण."

"बा देवा म्हाराजा! बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या वाळयेच्या मुलखाच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आजूबाजूला कोणी नाही ना, हे आधी पाहून घेतलं.

"डोनेगॉलची भावकी उपाशी पांगली, बोटींनी गेली, तेतूरलो एक हय इलो. परक्या मुलखात माका सांभाळल्यान."

"व्हय म्हाराजा."

"आज मी हो मुलूख सोडून जातंय. माझो..." त्या थांबल्या. पदराचं टोक दातात धरलं, सोडलं. "माझो मार्टिन तुझ्या पदरात घालतंय. तेका एकटो पाडू नको, म्हाराजा."

सगळं आडनाव, सगळा डोनेगॉल, सगळा तो बटाटा या एका नावासमोर काहीच नव्हतं. मला होकार द्यायला उशीर झाला. ताईंनी वळून पाहिलं, तेव्हा कसाबसा दिला.

त्या कुडाळला गेल्या. तिथे बटाटा चिरतात का, मी विचारलं नाही.

शुक्रवारी आता मी जातो. पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हा त्या राखणदाराने हिंदीत विचारलं, की मॅडम नाहीत, मग तुम्ही त्या साहेबांचे कोण?

मी म्हटलं, घरका आदमी.