अंतराळयानांचे अनुरेखक

नानांनी आजवर जेवढी अंतराळयानं काढली, त्या प्रत्येकात संडास आहे. यान शनीला निघालेलं असो की आकाशगंगेच्या बाहेर, चित्रात कुठेतरी एक अरुंद दार, वर हवेची जाळी आणि शेजारी पाण्याची टाकी असतेच. दुसऱ्या कुणी काढलेलं यान दाखवलं की नाना चष्मा कपाळावर चढवतात, कागद नाकाजवळ नेतात आणि सावकाश, आपल्या अहिराणीत विचारतात, "बठ्ठं बराबर शे. पण यामा संडास कोठे शे?"

तो नसतोच. मग नाना कागद परत करतात. "जठे माणूस शे, तठे पोट शे," म्हणतात. विषय संपला.

धुळ्यात देवपूरला आमच्या घराला लागून त्यांचं घर आहे. मधे कमरेएवढी भिंत. नाना सरकारी नोकरीत अनुरेखक होते. म्हणजे साहेबांनी आखलेला कालव्याचा, बंधाऱ्याचा नकाशा पारदर्शक कागदावर शाईने हुबेहूब उतरवून घ्यायचा. रेघ जाड झाली तर कागद बाद. आयुष्यभर दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढणाऱ्या माणसाला स्वतःची एखादी रेघ ओढावीशी वाटली, तर ती मंगळापर्यंत जाणारच.

झालं असं की जळगावहून निघणाऱ्या एका लहान दिवाळी अंकाला चंद्रावरच्या वसाहतीच्या कथेसाठी चित्र हवं होतं. ठरलेला चित्रकार ऐन वेळी आजारी पडला. संपादकांचा मेहुणा नानांच्या ऑफिसात होता, त्याने नानांचं नाव सुचवलं. नानांनी चार दिवसांत चित्र दिलं. वसाहत उभी कापून आतून दाखवली होती, खाली 'छेद अ-अ' असं लिहिलं होतं, प्रमाण दिलं होतं आणि वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता.

संपादक म्हणाले, "अहो, हा बाण चंद्रावर कशाला?"

नाना म्हणाले, "नकाशाला उत्तर लागते साहेब. मग तो कुठलाही असो."

चित्र बाणासकट छापून आलं आणि वाचकांना फार आवडलं. तेव्हापासून दर दिवाळीला पोस्टाने नानांकडे कथा येऊ लागल्या. नाना त्या वाचत आणि अस्वस्थ होत. लेखक यानातून माणसं नऊ-नऊ वर्षं फिरवत, पण त्यांना प्यायला पाणी कुठून मिळतं ते सांगत नसत. नाना लेखकांना पत्रं पाठवून विचारत. उत्तरं येईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच कथा लिहायला घेतल्या. त्यांच्या कथांत सेनापती नाही, युद्ध नाही. नायक बहुधा कनिष्ठ अभियंता. दूरच्या ग्रहावर तो पाण्याची गळती शोधतो आणि शेवटच्या पानावर ती त्याला सापडते. मी सांगते, ती गळती सापडेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

परग्रहावरची माणसं मात्र ते गल्लीतूनच घेत. आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याला त्यांनी गुरूच्या चंद्रावर राजा केलं. मी शाळेत भूगोल शिकवते, मला शनीच्या कड्यांवर बसवलं. तीन डोळे दिले होते आणि चष्मा माझाच होता, तिसऱ्या डोळ्यालाही भिंग बसवलेलं. मी भिंतीवरून तक्रार केली, तर म्हणाले, "ताई, तुमचा नंबर मोठा आहे. एक डोळा बिनभिंगाचा ठेवला असता तर चित्रातल्या पोरीला त्यातून दिसलं नसतं."

माझ्या आईला हे सगळं अजिबात पटत नसे. गल्ली तिला अक्का म्हणते. ती नानांना 'भुतं काढणारा' म्हणायची, तेही भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत, वाचताही येणार नाही. ज्या बाईच्या आवाजाने भाजीवाला भाव न सांगता पुढे जायचा, ती घशातून नुसती 'अं' करायची. आम्ही अंदाज करायचो. पाणी हवंय? पंखा लावू? कूस बदलायचीय? दहा अंदाज चुकले की ती भिंतीकडे तोंड करायची. मग तिने खाणं कमी केलं. चहा तर बंदच केला. ओठाला कप लावला की डाव्या हाताने ढकलून द्यायची. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

एके दिवशी नाना विचारपूस करायला आले. बराच वेळ आईकडे बघत बसले. मग म्हणाले, "ताई, मी इतकी वर्षं याच प्रश्नावर गोष्टी लिहितोय. समोरच्याची भाषा आपल्याला येत नाही, आपली त्याला कळत नाही. आता करायचं काय?"

"काय करायचं?" मी विचारलं.

"चित्र काढायचं. कागद आणा."

त्यांनी कप काढला आणि कागद आईसमोर धरला. आईने मान हलवली, नाही. कपावर वाफ काढली. नाही. वाफ खोडून कप अर्धा केला. नाही. आई चिडली, मला वाटलं आता भिंतीकडे वळणार. नाना शांतपणे रबराने खोडत होते. "थांबा अक्का, मी शे ना आठे," असं पुटपुटत त्यांनी कपाखाली बशी काढली, आणि कप तिरपा करून चहा बशीत ओतला.

आईने त्या बशीवर डावं बोट ठेवलं. उचललंच नाही.

जन्मभर ती चहा बशीतून फुंकर मारून प्यायली होती, आणि मी, तिची मुलगी, पंधरा दिवस तिला कपाने पाजत होते. मी बशीत चहा आणला. बशी मी धरली, तिने स्वतः फुंकर मारली, तोंडाच्या एका कोपऱ्यातून निम्मा सांडवत सगळा प्यायली. नाना खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते मोठा पुठ्ठा घेऊन आले. त्यावर चोवीस चौकटी. पाणी, कळण्याची भाकरी, दुखणारी पाठ, पंखा चालू, पंखा बंद, पुण्याच्या माझ्या भावाचा फोन. संडास अर्थातच पहिल्या ओळीत होता. आठवड्याने त्याची सुधारित आवृत्ती आली, कारण आईला एका गोष्टीसाठी चौकटच नव्हती. तिला काय हवंय ते तीन दिवस कळेना. नानांनी शेवटी माझा चेहरा काढला आणि त्याच्या ओठांवर एक बोट काढलं. आई कितीतरी दिवसांनी हसली. 'तू गप्प बस' ही चौकट आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरली जाते.

आई जेवायला लागली. भांडायला लागली. पुठ्ठ्याच्या आता सहा आवृत्त्या झाल्या आहेत. नानांचे हे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत आणि फेडायचेही नाहीत, पण कुठेतरी सांगायला हवेत, म्हणून हे लिहिते आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या आवृत्तीत खालच्या उजव्या कोपऱ्यात एक नवी चौकट आली. दारात उभा असलेला माणूस, खांद्याला शबनम, कपाळावर चष्मा. मी विचारलं, "नाना, हे तुम्हीच ना?"

"चौकट उरली होती," ते म्हणाले. "रिकामी बरी दिसत नाही."

आई रोज पाचच्या सुमाराला त्या चौकटीवर बोट ठेवू लागली. मी भिंतीवरून हाक मारायची, "नाना, अक्का बोलावतेय." दोन मिनिटांत ते हजर. मग ती दोघं बसत. ती बोटाने एकेक चौकट दाखवी, ते उत्तर देत. कधी कधी तिच्याकडे बघून कळे की तिला हवं काहीच नाहीये, नुसत्या गप्पा चालल्या आहेत.

याच सुमाराला दिवाळी अंकाचा नानांना निरोप आला होता, यंदा चित्र नको, कॉम्प्युटर काढून देतो. नमुनाही पाठवला होता. नानांनी तो मला मोबाईलवर दाखवला. अंतराळवीराला सहा बोटं होती. नानांनी संडासाचंही विचारलं नाही. त्यांची बायको जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी सुरतला.

मागच्या महिन्यात मी साडेचारला त्यांचा डबा परत द्यायला गेले. दार अर्धं उघडं होतं. नाना दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, शबनम मांडीवर, पायात चप्पल. पंखा बंद होता. आमच्या भिंतीकडे कान करून बसले होते.

मी डबा न देताच परत आले. आईला औषधाने गाढ झोप लागली होती. पाच वाजले, सव्वापाच झाले. मी भिंतीपाशी गेले आणि हाक मारली, "नाना, अक्का बोलावतेय."

"आलो," लगेच आवाज आला.

ते आत आले. झोपलेल्या आईकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे केली.

"बसतो मग थोडा," नाना हळू आवाजात म्हणाले, आणि चपला बाहेर काढून यायला पुन्हा दारापर्यंत गेले.