सांडूभाऊंच्या आधी

व्यंकटरावांना आयुष्यात फार मोठं काही व्हायचं नव्हतं. आपल्या मतदान केंद्रावर एकदा तरी पहिलं मत आपलं पडावं, एवढीच इच्छा. ती पुरी होत नव्हती, कारण शेजारचे सांडूभाऊ. कंपनीतून रिटायर झालेले सांडूभाऊ मतदानाच्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी शाळेच्या फाटकात हजर. बाबासाहेबांनी दिलेला हक्क हाय, त्याला ताटकळत ठेवायचं नसतं, असं म्हणत. व्यंकटराव मागं उभं राहून चुळबुळ करू लागले, की ते वळून हसत आणि सांगत, "घाई नगा करू."

गेल्या दिवाळीत सांडूभाऊ गेले. व्यंकटराव अगदी मनापासून रडले. पुढं महापालिकेची निवडणूक जाहीर झाली तेव्हा मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, की चला, यंदा लाइन मोकळी आहे. (मनातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.) जनाची नाही तर मनाची तरी ठेवा, असं म्हणून त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तरी मतदानाच्या दिवशी व्यंकटराव उजाडायच्या आत निघालेच. जानेवारीचं धुकं असं, की शाळेचं फाटक हाताला लागलं तेव्हाच दिसलं. बंदोबस्तातला पोलीस चहाला गेला असावा. त्याच्या खुर्चीवर नुसतीच घोंगडी होती. फाटकात कुणी म्हणजे कुणी नव्हतं. व्यंकटरावांना आनंद व्हायला हवा होता. पण इतकी वर्षं ज्या जागी पांढरा सदरा दिसायचा तिथं आता पांढरं धुकं उभं होतं, आणि ते बघून त्यांना कसंतरीच झालं.

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत मशीन वाजलं. लांबलचक.

मतदान सुरू व्हायला अजून बराच अवकाश होता. खोलीचं दार बंद होतं. मत देऊन कोण बाहेर येतंय म्हणून व्यंकटराव वाट बघत राहिले, तर कुणीच आलं नाही. मशीन मात्र पुन्हा वाजलं. थोड्या वेळानं आणखी एकदा. आत जाणारं कुणी नाही, बाहेर येणारं कुणी नाही, आणि मतं पडताहेत. निवडणुकीत मेलेली माणसंही मतं टाकून जातात, हा विनोद त्यांनी ऑफिसात कितीदा तरी सांगितला होता. आता तो त्यांना अजिबात आवडला नाही.

खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं, पण एक कोपरा फाटला होता. व्यंकटरावांनी तिथं डोळा लावला. आत पुठ्ठ्याचा आडोसा होता आणि आडोशाच्या कडेला एक हात दिसत होता. बोटात निळ्या खड्याची जाडजूड चांदीची अंगठी. याच अंगठीनं सांडूभाऊ त्यांचं दार ठोठावायचे. हात बटणांवरून फिरला. मशीन वाजलं.

व्यंकटरावांना भीती तर वाटलीच, पण खोटं कशाला सांगा, रागही आला. मेल्यावरसुद्धा माझ्या आधी!

ते पायरीवर मटकन बसले. शेवटी दार उघडलं आणि हात बाहेर आला, त्याच्या मागून सांडूभाऊंचा मुलगा प्रणय. तो बजाजनगरला राहायचा आणि या वेळी एका उमेदवाराचा एजंट म्हणून बसला होता. वडिलांची अंगठी आता तो वापरत होता. मशीन नीट चालतंय का हे बघायला साहेब लोक आधी एजंटांकडून खोटी मतं टाकून घेतात, असं त्यानं समजावलं. (व्यंकटरावांनी नोकरीभर निवडणुकीची ड्यूटी डॉक्टरी दाखल्यावर चुकवली होती, त्यांना हे कुठून ठाऊक असणार?)

मतदान सुरू झालं. व्यंकटराव पहिले. बोटाला शाई लागली, ते आडोशामागं गेले, बटण दाबलं आणि मशीन वाजायची वाट बघू लागले. वाजलं नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. मघाशी त्या हाताला वाजणारं मशीन आपल्या बोटाला का वाजत नाही? आपण आहोत ना? त्यांनी शाई बघितली. शाई होती.

आणि अगदी पाठीमागून ओळखीचा आवाज आला, "घाई नगा करू. तीन राह्यले अजून."

व्यंकटराव दारापर्यंत पळाले. तिथून अधिकारी बाईंनी त्यांना परत आणलं. प्रभागाच्या जागा चार, मतं चार. चारही दिल्याशिवाय मशीन वाजत नाही, असं त्यांनी सांगितलं. उरलेली तीन बटणं व्यंकटरावांनी दाबली. मशीन वाजलं. कर्मचाऱ्यांनी पहिला मतदार म्हणून त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. जाता जाता व्यंकटरावांनी प्रणयला दटावलं, की असं मागून बोलत जाऊ नकोस.

"मी कुठं बोललो काका?" प्रणय म्हणाला. "एजंटाला बोलता येत नसतं."

फाटकाबाहेर अनसूयाबाई आणि सांडूभाऊंच्या भामाबाई आल्या होत्या. व्यंकटरावांचा चेहरा पांढराफटक, डोळे मिटलेले, गळ्यात हार. अनसूयाबाईंनी कौतुकानं फोटो काढला आणि आपल्या मोबाइलवरून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. टाइप करायचा त्यांना कंटाळा, म्हणून नुसताच फोटो.

दुपारी बेल वाजली. व्यंकटरावांनी दार उघडलं तर समोर कॉलनीचे अध्यक्ष काकासाहेब, हातात पिठलं-भाकरीचा डबा, मागं डोक्यावरून पदर घेतलेल्या त्यांच्या बाई. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारधर्म. व्यंकटरावांना उभं बघून काकासाहेबांनी चौकटीचा आधार घेतला. ग्रुपवर फोटोखाली सकाळपासून नुसते जोडलेले हात आणि भावपूर्ण श्रद्धांजल्या पडत होत्या.

अनसूयाबाईंनी डबा घेतला. आणलंय तर ठेवा, मतदानाच्या गडबडीत स्वयंपाक राहिलाच होता, म्हणाल्या. व्यंकटराव स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं मुकाट्यानं खायला बसले.

गडबड ऐकून शेजारून भामाबाईही धावत आल्या होत्या. सगळा प्रकार कळल्यावर हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पदरानं ते पुसत त्या म्हणाल्या, "खरंच गेले असते तरी काय उपेग, भाऊजी? तिथंबी आमचे हेच आधी पोचलेत."