काही राहिलं का?

अंपायरने आउट झालेल्या फलंदाजाला बोट दाखवायचं असतं, प्रश्न विचारायचा नसतो. नारायणगुरुजी दोन्ही करायचे. आधी उजवं बोट सावकाश वर जायचं. मग ते खाली येता येता गुरुजी दोन पावलं पुढे सरकायचे, मान किंचित तिरकी करायचे आणि अगदी हलक्या आवाजात विचारायचे, "काही राहिलं का?"

उत्तर मिळेपर्यंत पुढचा फलंदाज आत येत नसे. गुरुजी येऊच देत नसत.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण गुरुजी बाकीचे दिवस काय करतात ते कळलं की मत बदलेल. पंचवटीच्या घाटावर ते दहाव्याचे विधी करतात. पिंड मांडून झाला की नातेवाईक मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघणं सुरू होतं. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं धरायचं. मग घरचे हात जोडून एकेक अंदाज करतात. 'आईला सांभाळू', 'धाकटीचं लग्न लावून देऊ'. अंदाज बरोबर लागला की कावळा येतो. त्या वाट बघण्यात गुरुजी वर बघून जे विचारतात तेच वाक्य, त्याच आवाजात, रविवारी आमच्या पायचीत झालेल्या माणसाच्या वाट्याला यायचं.

आमच्या विद्यापीठाच्या क्रिकेट क्लबाचे चार संघ आहेत. अ संघ शहरात, हिरवळीच्या मैदानावर खेळतो आणि त्याचे फोटो छापून येतात. ब आणि क संघांना निदान नळ असलेलं मैदान मिळतं. ड संघात विद्यार्थी, माजी विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक असे ते सगळे आहेत ज्यांना 'तुम्ही खेळू नका' असं सांगायला कोणाची जीभ रेटली नाही. मी त्याचा कप्तान. माझी गाडी मोठी आहे आणि खेळपट्टीवर अंथरायची मॅट तिच्यात मावते, एवढीच माझी पात्रता. मी कॉलेजात अकाउंट्स शिकवतो आणि उरलेल्या वेळात अपराधी वाटून घेतो. झेल सुटला तर संध्याकाळी गोलंदाजाला फोन करून माफी मागतो. दोघांनी त्यामुळे माझा नंबर ब्लॉक केला आहे.

आमचं मैदान एकलहऱ्याच्या बाजूला. थंडीत सकाळी नदीवरून धुकं येतं आणि मैदानात छातीपर्यंत भरतं. समोर वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, पण नुसते शेंडे. बुडखे नसतातच. मी गाडीतून मॅट काढेपर्यंत आत कुठूनतरी आवाज यायला लागायचा. ठक. ठक. ठक. मॅटचे खिळे ठोकायची हातोडी गुरुजींकडे असे, आणि मॅट यायच्या आधीच ते मागच्या आठवड्याची भोकं चाचपून, खिळा ठोकून मोकळी करत बसलेले असत. माणूस दिसायच्या आधी नेहमी हातोडी ऐकू यायची.

आणि कावळे. गोलंदाजाच्या मागे आमचा एकुलता पांढरा पडदा आहे. त्यावर ते ओळीने बसायचे. ते गुरुजींच्या स्कूटरमागून पंचवटीतून येतात, अशी आमच्या पोरांची ठाम समजूत होती. मी शिकलेला माणूस. मी हसायचो. पण एकदा गुरुजी तापाने आले नाहीत, त्या रविवारी पडदा रिकामा होता. मी कोणाला बोललो नाही.

प्रश्नाचं उत्तर द्यायची एक पद्धत पडून गेली होती. काहीतरी राहिलंच आहे असं सांगायचं. "कव्हर ड्राइव्ह राहिला, गुरुजी." "पन्नास राहिले." आमचा यष्टिरक्षक मोरे एकदा "नाश्ता राहिला" म्हणाला, तेही चाललं. गुरुजी मान हलवायचे आणि म्हणायचे, "होईल, होईल. पुढच्या रविवारी." मग माणूस सुटायचा.

'नाही' कोणी म्हणायचं नाही. कारण निकम म्हणाला होता. "काही नाही राहिलं गुरुजी, मजा आली." पुढच्याच आठवड्यात त्याची गडचिरोलीला बदली झाली. नंतर बँकेतला कुलकर्णी "सगळं झालं" म्हणाला, तर त्याचं लग्न ठरलं आणि तो पुन्हा मैदानावर दिसला नाही. तिसरा एक होता. तो आहे नाशकातच, पण बॅडमिंटन खेळतो. मोरे म्हणायचा, "सर, गुरुजींना नाही म्हटलं की माणूस उठला समजा."

एका सकाळी मी जरा लवकर पोचलो. धुकं इतकं दाट होतं की गाडीचा दिवा मलाच परत दिसत होता. आज हातोडी वाजत नव्हती. मी खेळपट्टीच्या अंदाजाने चालत गेलो आणि आवाज आला, "काही राहिलं का?"

माझे पाय जागीच थांबले. थोडं धुकं हललं तेव्हा गुरुजी दिसले. फलंदाजाच्या जागेवर आडवे उभे होते, हातोडी दोन्ही हातांत बॅटसारखी धरून. समोर कोणी नव्हतं. एक कावळा तेवढा यष्ट्यांच्या जागेवर उड्या मारत होता.

"कोणाला विचारत होतात, गुरुजी?"

"कोणाला नाही," ते म्हणाले आणि खाली बसून भोकं चाचपू लागले. "चला, मॅट आणा. ऊन चढेल."

ऊन चढायला अजून बराच अवकाश होता.

या हंगामात तेजस आला. एमबीए करणारा, नांदगावचा, हात सुंदर. ड संघात त्याचं काय काम होतं देव जाणे. पहिल्याच सामन्यात तो पायचीत झाला. गुरुजींचं बोट वर गेलं, ते पुढे सरकले, मान तिरकी केली आणि विचारलं. तेजस बॅट तिथेच टाकून जवळजवळ पळत बाहेर आला. संध्याकाळी मला म्हणाला, "सर, मी नाय येणार आता."

"का रे? काय झालं?"

"आमच्या आजोबाचा दहावा यांनीच केला, पंचवटीत. लय वेळ कावळा नव्हता आला. हे असंच मान वाकडी करून इचारत होते. हाच आवाज. सर, तिथं आजोबा होता, इथं मी हाय. अंगावर काटा येतो."

त्याच्यामागे आणखी दोघंतिघं उभे होते. तेही तिथेच थांबून राहिले.

संघ वाचवायला हवा होता. गुरुजींना खरं सांगायला हवं होतं. मी पहिलं केलं आणि दुसऱ्याला घाबरलो. फोन करून म्हणालो, "गुरुजी, क्लबाचा नवा नियम आलाय. अंपायर साठीच्या आतला हवा." असा कुठलाही नियम नव्हता. तो मी त्या क्षणी, चहा ढवळताना बनवला.

पलीकडे थोडा वेळ घाटावरच्या घंटा ऐकू आल्या. मग गुरुजी म्हणाले, "नियम आहे ना? मग झालं. खिळे ठोकायला तर वयाची अट नाही ना, सर?"

"नाही, नाही."

"मग येतो."

आणि आले. मॅट ठोकली. आपला पांढरा कोट घडी घालून माझ्या हातात दिला, कारण अंपायरिंग आता आळीपाळीने आम्हीच करणार होतो. मग धोतर सावरत सीमारेषेबाहेरच्या रोलरवर जाऊन बसले.

सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं भलतंच. आउट झालेली माणसं खेळपट्टीवरून हलेनात. मोरेचा त्रिफळा उडाला, तर तो कोणाची तरी वाट बघत तसाच उभा. पुढचा फलंदाज येऊन त्याच्या शेजारी थांबला, तेव्हा भानावर आला. तेजस भोपळा घेऊन परतला आणि रोलरच्या जवळ येताच त्याची चाल मंदावली. गुरुजी जमिनीकडे बघत राहिले. तेजस थोडा वेळ घुटमळला, हातमोजे काढले, पुन्हा घातले आणि निघून गेला. त्याला भुतासारखं वाटलं असणार. म्हणजे आपणच भूत असल्यासारखं. मला तरी तसं वाटलं, कारण थोड्याच वेळात मीही आउट झालो आणि मला कोणीही काहीही विचारलं नाही.

मी जाऊन रोलरवर बसलो. लोखंड अजून गार होतं.

"गुरुजी, एक विचारू? तुम्ही प्रत्येकाला ते का विचारायचात?"

ते मैदानाकडे बघत म्हणाले, "घाटावर विचारतो ना, सर, तिथं ज्याला विचारायचं तो नसतो. मुलं अंदाजाने बोलतात. कावळा येतो, नाही येतो. खरं काय राहिलं होतं ते कधीच कळत नाही. जन्मभर विचारतोय, एकदाही उत्तर नाही. इथं पहिल्यांदा एक पोरगा आउट झाला, माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. आणि तो बोलला! समोर उभा राहून, घाम पुसत. 'स्वीप राहिला' म्हणाला." गुरुजी हसले. "इतकं बरं वाटलं म्हणून सांगू."

 मग ते म्हणाले, अगदी सहज, "त्यांना अंदाज करायला घरचे तरी असतात. मी सडाफटिंग. माझ्या वेळेला कावळा अडला तर बोलणार कोण?"

तेव्हा मला ती धुक्यातली सकाळ आठवली. आडवे उभे गुरुजी, दोन्ही हातांत हातोडी. ते स्वतःलाच आउट करत होते आणि स्वतःलाच विचारत होते.

त्या दिवशी आम्ही दहाच होतो. नववा गडी पडला, सामना केव्हाच हातचा गेला होता. माझी अंपायरिंगची पाळी होती. मी कोट चढवला आणि म्हणालो, "गुरुजी, अकरावा माणूस नाही. पॅड बांधा."

"मी? अहो, नियम..."

"बांधा हो."

समोरच्या कप्तानाने हरकत घेतली नाही. त्याच्या आजीचा दहावा गुरुजींनीच केला होता.

धोतरावर पॅड बांधून गुरुजी मैदानात आले तेव्हा कोणी हसलं नाही. पहिला चेंडू त्यांनी नुसता जाताना पाहिला, एखाद्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवावा तसा. दुसरा पॅडवर बसला. अगदी मधल्या यष्टीसमोर. सगळे ओरडले आणि माझ्याकडे वळले.

खोटं नॉटआउट द्यायचा मोह मला झाला. पण गुरुजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांनीच मला शिकवलं होतं, की बोट द्यायचं तर घाई न करता आणि लाज न बाळगता. मी सावकाश बोट वर केलं. मग दोन पावलं पुढे गेलो. माझी मान आपोआप तिरकी झाली.

"गुरुजी, काही राहिलं का?"

त्यांनी बॅटकडे पाहिलं, मॅटकडे पाहिलं. चेहरा इतका शांत मी कोणाचा पाहिला नव्हता. म्हणाले, "नाही. काही नाही राहिलं."

डाव संपला म्हणून आमची पोरं आत येत होती. ती थबकली. धुकं कधीच गेलं होतं, तरी चिमण्यांकडून गार झुळूक आल्यासारखं झालं. निकम, कुलकर्णी, सगळे एकदम आठवले. पडद्यावरचे कावळेही गप्प होते.

मोरे ओरडला, "असं कसं! रन राहिला की, गुरुजी!"

गुरुजी हलले नाहीत.

"चौकार राहिला!" कोणीतरी म्हणालं. "पुढच्या रविवारी वरच्या नंबरवर पाठवू!" "नवे बूट घेऊ तुम्हाला!" समोरचा यष्टिरक्षकही बोलून गेला, "आमच्याकडून खेळा गुरुजी, हवं तर." सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले होते, काहींचे हात नकळत जोडलेले. गुरुजी मान तिरकी करून ऐकत होते. एकेकाचं. जागचे हलत नव्हते.

तेजस पुढे आला. "गुरुजी, माझा कव्हर ड्राइव्ह राहिला. सकाळपासून सांगायचं हाय. तुम्ही इचारलंच नाय."

गुरुजींच्या पापण्या हलल्या. तेवढंच.

 मी कोट उतरवला. "गुरुजी, तो नियम खोटा होता. मीच बनवला. पुढच्या रविवारी तुम्ही उभे राहा. त्याच्या पुढच्याही. आम्ही सगळे आउट होऊ, तुम्ही विचारा." आणि कोट त्यांच्यासमोर धरला.

 गुरुजी बराच वेळ कोटाकडे बघत राहिले. मग उजव्या हातातला हातमोजा काढून त्यांनी बोट पुढे केलं आणि कोटाच्या बाहीला हळूच लावलं. नुसतं शिवल्यासारखं.