पाच बोटांचा नळ

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात हात धुण्याचा एक नळ होता आणि तो पिळून उघडावा लागे. ही वस्तुस्थिती एकतीस वर्षं कोणाच्याही निदर्शनास आली नव्हती. ती प्रथम लेखी स्वरूपात मांडली मुख्य परिचारिका पोलिक्सेनीबाईंनी. ग्रीसमधल्या थेसलीच्या या सपाट मुलखात जन्मभर कापूस वेचलेल्या बायकांची बोटं सत्तरीनंतर आखडतात, त्यांना नळ पिळता येत नाही, मलमपट्टीआधी हात धुवायचे तर दुसऱ्याला हाक मारावी लागते. सबब कोपराने ढकलता येईल असा लांब दांड्याचा नळ मिळावा, असा चार ओळींचा अर्ज होता. पाणीपुरवठ्याचे अभियंते रजेवर असल्यामुळे तो विद्युत अभियंता या नात्याने माझ्याकडे आला. इथूनच सगळं बिघडलं.

लांब दांड्याचा नळ चौकातल्या दुकानात मिळतो आणि प्लंबर तो अर्ध्या तासात बसवतो. त्यात अभियंत्याने करण्यासारखं काहीच नसतं. एकोणीस वर्षं रस्त्यावरचे दिवे बदलत आलेल्या मला हा थेट अपमान वाटला. मी अर्जावर शेरा मारला : ‘हाताची हालचाल जवळून ओळखणारा सेन्सर बसवणे उचित होईल.’

नगराध्यक्ष व्लासोपुलोस यांनी शेरा दोनदा वाचला.

“अहो अनेस्तिस, हे सेन्सर प्रकरण शेजारच्या गावात आहे का?”

“नाही साहेब.”

“मग काय विचारता? हवंच!”

सेन्सर निवड समिती स्थापन झाली. समितीत मी, कायदा सल्लागार थेआनोबाई आणि आमच्या चर्चचे धर्मगुरू पापा येरासिमोस. पापांची नेमणूक ‘हात धुणारा सर्वसामान्य नागरिक’ या वर्गातून झाली होती. ‘जवळून’ म्हणजे किती जवळून, यावर पहिल्या दोन बैठका झाल्या. बारा सेंटिमीटरवर एकमत झालं आणि आम्ही थंडगार कॉफी मागवली.

पहिला सेन्सर मी आणला तो न दिसणारा प्रकाश फेकणारा. प्रकाश हातावर आपटून परत आला की पाणी सुटतं. पापा येरासिमोस बेसिनसमोर उभे राहिले. त्यांची काळी, घोळदार बाही मनगटावरून बोटांपर्यंत उतरली आणि सगळा प्रकाश गिळून बसली. थेंब पडला नाही.

“मी इथे नाहीच म्हणतोय हा,” पापा म्हणाले. “साठ वर्षं देवाची सेवा केली, आणि याच्या लेखी मी नाही!”

दुसरा सेन्सर रडारचा. त्याला बाहीची अडचण नव्हती. त्याला भिंतीचीही नव्हती. भिंतीपलीकडे पेशंट बसायची खोली. तिथे आमची दोन माणसं फुटबॉलवर बोलू लागली की तोंडं दोन आणि हात चार चालतात. रविवारचा सामना हरलेला असला की सोमवारी बेसिन भरून वाहायचं. पोलिक्सेनीबाई फडकं घेऊन फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “साहेब, मी दांडा मागितला होता हो.”

“बाई, दांडा कालबाह्य आहे.”

“आणि कोपर?”

याचं उत्तर माझ्या विभागाच्या कक्षेत येत नव्हतं.

तेव्हा थेआनोबाईंनी मूळ प्रश्नाला हात घातला. “तुम्ही सेन्सर निवडताय, पण हात म्हणजे काय ते ठरवलंय का? उद्या कोणी बाही दाखवेल, कोणी टोपी. व्याख्या कुठंय?” तीन बैठकांनी व्याख्या तयार झाली : ‘हात म्हणजे पाचही बोटं पसरून नळाच्या दिशेने रोखलेला उघडा पंजा.’ या व्याख्येत तंतोतंत बसणारा, बोटं मोजणारा सेन्सर बाजारात होता. मी तो निवडला.

आता, पाच बोटं पसरून पंजा समोरच्यावर रोखणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या तोंडाला काळं फासणं. यावरून इथे गाड्या थांबवून मारामाऱ्या होतात. समितीतल्या तिघांनाही हे पाळण्यातल्या वयापासून ठाऊक होतं. पण कोणीतरी दुसरा बोलेल म्हणून तिघंही थांबलो, आणि ठराव एकमताने संमत झाला. उद्घाटनाला नळाच्या बरोबर वर नगराध्यक्षांची हसरी तसबीर लावण्यात आली.

पहिल्या महिन्यात हात धुण्याचं प्रमाण सातपट झालं. ज्यांना काही झालेलं नव्हतं असे लोक आरोग्य केंद्रात येऊ लागले. कॉफीच्या दुकानातले म्हातारे घोळक्याने येत, शिस्तीत रांग लावत, तसबिरीकडे नीट बघून आधी एक पंजा दाखवत, मग समाधान होईना म्हणून दोन्ही. घरी जाताना पुन्हा एकदा धूत. साहेबांना अर्थ कळत नव्हता असं नाही. पण आकडा मोठा होता, आणि मोठ्या आकड्यापुढे साहेब अर्थ बघत नाहीत. प्रांताच्या आरोग्य खात्याने आम्हाला स्वच्छतेचं मानचिन्ह दिलं. ते साहेबांनी दोन्ही हातांनी छातीशी धरून फोटो काढून घेतला. फोटोत मागे मीही आहे.

पुढच्याच आठवड्यात माझी आई एव्हान्थिया तिथे गेली. ओव्हनमधला ट्रे काढताना तिचा हात पोळला होता. मी कामानिमित्त केंद्रातच होतो. ती नळासमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. बेचाळीस हंगाम कापूस वेचलेला हात. बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिलेली. पाणी आलं नाही. तिने दुसऱ्या हाताने एक बोट सरळ केलं. दुसरं सरळ करेपर्यंत पहिलं मिटलं. मागे रांग खोळंबली.

“माफ कर हं बाबा,” आई नळाला म्हणाली. “माझ्याच हाताचं काहीतरी आहे.”

पोलिक्सेनीबाई पुढे आल्या. त्यांनी आपला पंजा नळासमोर धरला आणि आईचे हात धुऊन होईपर्यंत धरून ठेवला. त्यांचं तोंड तसबिरीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. त्यामुळे तो पंजा नक्की कोणाला होता हे मला आजही सांगता येईल.

घरी जाताना आई म्हणाली, “अनेस्ती, तू केलास ना रे तो नळ? छान आहे. मलाच मेलीला जमत नाही.”

मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू, चांगली दोन दिवस वाटली. तिसऱ्या दिवशी मी लांब दांड्याची शिफारस लिहायला बसलो. नियमाप्रमाणे आधी नागरिकांचे अभिप्राय जोडावे लागतात. ‘नळ न चालल्यास कारण लिहा’ या प्रश्नाला त्रेसष्ट जणांनी उत्तर दिलं होतं. एकसष्ट जणांनी लिहिलं होतं, माझा हात नीट नव्हता. एकाचं अक्षर लागत नव्हतं. एका अभिप्रायात ठसठशीत अक्षरात ‘नळ’ एवढंच होतं. ते अक्षर पोलिक्सेनीबाईंचं.

बहुमत स्पष्ट होतं. मी अहवाल दिला : ‘नळ निर्दोष आहे. काही नागरिकांचे हात प्रमाणित नाहीत. त्यांच्यासाठी दर मंगळवारी सराववर्ग घ्यावा.’ अहवाल मंजूर झाला, मला बढती मिळाली. वर्गाच्या यादीत पहिलं नाव आईचं आहे. ती वेळेवर जाते.

तुम्ही मला नावं ठेवत असाल. ठेवा. पण मागे अशाच एका नळासमोर तुम्ही उभे होतात. हात खाली नेलात, वर नेलात, उलटे केलेत. कोणी बघत नाही ना ते पाहिलंत, आणि ओशाळं हसून शेजारच्या नळाकडे सरकलात. तक्रार केली नाहीत. त्या एकसष्टांमध्ये मी तुम्हाला धरलेलं आहे.