कुमेझोची अखंड काठी

जपानमधल्या त्सुरुओका गावात तोगाशी कुमेझोएवढी सरळ काठी कुणी करत नसे आणि त्याच्याएवढं वाकडं कुणी बोलत नसे. दोन्हींचा त्याला सारखाच अभिमान होता.

मासे धरायच्या काठीबद्दल त्याचं मत पक्कं होतं. बांबू मुळासकट खणायचा, निखाऱ्यावर धरून सरळ करायचा, चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं टांगायचा. पण तो दोन माणसांहून लांब असला तरी त्याला करवत लावायची नाही. "काठी जोपासायची असते, जोडायची नसते," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

आणि नेमकी त्याची एकुलती एक लेक मिसाओ टोकियोच्या एका काठीवाल्याच्या मुलात गुंतली. टोकियोचे कारागीर बांबूचे तुकडे करतात, त्यांना लाखेचा रंग चढवतात, एकात एक बसवतात आणि छत्रीएवढ्या पिशवीत घालून हिंडतात. कुमेझोच्या लेखी ते आणि खाटीक यांत फरक एवढाच, की खाटीक निदान रंग लावत नाही.

"ज्या घरात बांबू कापतात त्या घरात माझी पोरगी जाणार नाही."

"मी बांबू नाही, बाबा," मिसाओ म्हणाली. ती कामो बंदराच्या बसवर कंडक्टर होती. दिवसभर लोकांना पुढं सरकवायची सवय, त्यामुळे बापालाही ती बिचकत नसे.

शेवटी मुलाचा बाप स्वतःच आला. इसुरुगी कान्बेई त्याचं नाव. माणूस बारीक, नीटनेटका, बोलणंही रंग चढवल्यासारखं गुळगुळीत. जेवणानंतर त्यानं आपली काठी पिशवीतून काढली, जोडली आणि एक तुकडा अलगद ओढला.

पॉक्!

"ऐकलंत? सांधा चोख बसला की असा आवाज येतो. तो साधायला माझं निम्मं आयुष्य गेलं."

"आमच्याकडे साकेच्या बाटलीचं बूचही तोच आवाज काढतं," कुमेझो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

मिसाओनं डोक्याला हात लावला. पण त्या रात्री एक ठरलं. सकाळी दोघांनी कामोच्या धक्क्यावर जायचं. खडकातला कुरोदाई म्हणजे काळा, दांडगा आणि कमालीचा हट्टी मासा. इसुरुगीच्या तुकड्यांनी तो अख्खा वर आणला तर लग्न. सांधे निखळले तर इसुरुगीनं आपले तुकडे आणि आपल्या मुलाची आशा, दोन्ही गुंडाळून टोकियोची गाडी धरायची.

एरवी कुमेझो काठी खांद्यावर टाकून डोंगर ओलांडून चालतच समुद्र गाठी. पण पाहुण्याचे गुडघे दुखत होते, म्हणून बस आली. बस मिसाओची.

"बाबा, ही आत मावायची नाही." आत मासळी विकून परतणाऱ्या बायकांच्या रिकाम्या टोपल्या शिगोशीग भरल्या होत्या.

"खिडकी कशाला दिलीय मग?"

कुमेझोनं मागच्या खिडकीतून काठी बाहेर काढली आणि बुंधा मांडीवर घेऊन बसला. टोक बसच्या मागं शेपटीसारखं डुलत राहिलं. पहिल्या वळणावर ते एका ओसरीत शिरलं आणि वाळत घातलेल्या पर्सिमनच्या फळांची अख्खी माळ घेऊन बाहेर आलं. दुसऱ्या वळणावर कुणाचीशी लंगोटी. मागून एक म्हातारी ओरडत धावत होती. ती माळेसाठी की लंगोटीसाठी, हे कळेना.

इसुरुगीनं हे सगळं शांतपणे पाहिलं. "समुद्र अजून यायचाय ना?" त्यानं अदबीनं विचारलं.

घाटातल्या अरुंद वळणावर समोरून लाकडाचा ट्रक आला. दोघांपैकी कुणीतरी मागं सरणं भाग होतं आणि बसचा ड्रायव्हर स्वभावानं गरीब. मिसाओ शिटी घेऊन खाली उतरली आणि शिट्या मारत ड्रायव्हरला बस मागे घ्यायला लावू लागली. ती दरीकडच्या चाकावर नजर ठेवून होती, असं ती अजूनही सांगते. बस मागे, मागे, अजून मागे. मागे होता डोंगर.

कडाड्!

बसमध्ये टोपलीसुद्धा हलली नाही. कुमेझोच्या हातात अर्धी काठी होती. उरलेली अर्धी रस्त्यावर पडली होती, पर्सिमनच्या माळेसकट.

इसुरुगी हसू शकला असता. हसला नाही. धक्क्यावर पोचताच त्यानं पिशवीतून चाकू, रेशमी दोरा आणि बांबूची एक नळी काढली, कुमेझोच्या काठीची तुटकी टोकं तासली आणि ती सांधायला घेतली. इंजेक्शन घेणारा माणूस भिंतीकडे बघतो, तसा कुमेझो समुद्राकडे बघत राहिला. काठी हातात आल्यावर त्यानं ती एकदा हवेत फिरवली.

"टोक हलकं वाटतंय."

"बरं आहे की वाईट?"

"हलकं आहे म्हणालो."

एवढ्यात इसुरुगीच्या गळाला ओढ बसली. टोकियोची काठी धनुष्यासारखी वाकली. एक लाट धक्क्यावर फुटली आणि माणूस, काठी, पिशवी सगळं न्हाऊन निघालं. "टोक वर धरा!" कुमेझो ओरडत होता. "खडकात घुसू देऊ नका त्याला! माझ्याकडे आणा, इसुरुगीराव, माझ्याकडे!" आपण कोणत्या बाजूचे हे विसरून तो जाळी घेऊन धावला आणि मासा त्यानंच उचलला. उचलल्यावर त्याला आठवलं. पण मासा अख्खा होता, काठी अख्खी होती आणि पाचपन्नास कोळी बघत होते.

"आता ऐका," इसुरुगी म्हणाला आणि सांधा ओढला.

आवाज आला नाही. परत ओढला. खाऱ्या पाण्यानं बांबू फुगून सांधे असे घट्ट बसले होते, जणू काठी तशीच उगवली होती. कुमेझोनं बुंधा धरला, इसुरुगीनं टोक. दोन्हीकडे कोळी लागले. एकदा 'पॉक्' झालं खरं, पण ते इसुरुगीच्या कमरेतून.

कुमेझोनं सहज आपल्या काठीचा नवा सांधा ओढून पाहिला. पॉक्. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि तुकडे गुपचूप काखोटीला मारले.

परतीची बस आली. मिसाओनं इसुरुगीच्या काठीकडे नजर टाकली. "ही आत मावायची नाही."

इसुरुगी मागच्या खिडकीशी बसला, काठी बाहेर काढून, पाठ ताठ ठेवून. शेजारी कुमेझो, काठीचे दोन तुकडे गुडघ्यांत उभे धरून. घाटातल्या त्याच वळणावर समोरून ट्रक आला आणि बस थांबली.

कुमेझोनं शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हळूच थापटलं.

"व्याहीबुवा, काठी आत ओढा. तुमची सूनबाई शिटी घेऊन खाली उतरलीय."