बापूमामांची लाईन

बापूमामा कुणी वारल्याची बातमीसुद्धा 'लाईन गेली' अशीच सांगतात. एकदा सकाळी दारात उभे राहून म्हणाले, "कोपऱ्यावरच्या दाजींची लाईन गेली."

आई कणीक मळत होती. म्हणाली, "मग वीज खात्यात फोन लावा की."

"खात्यात कशाला? माणसं जमल्यात तिथं. चला!"

मामा आमचे शेजारी. मूळचे शिरोळचे. तीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढले, लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात आमच्या शेजारी येऊन राहिले. हा एवढा एकच शब्द त्यांना सगळीकडे पुरतो. भाच्याला नोकरी लागली तेव्हा 'पोरगं लायनीला लागलं'. पोट बिघडलं की 'आतली लाईन शॉर्ट'. रेशन दुकानात कुणी मध्येच घुसलं की आख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडतात, "ओ पावणं, लाईन कुठनं सुरू हुतीया बघा की!"

मला वडील नाहीत. म्हणून मुलगी बघायला मामांनाच पुढे केलं. निघताना आईनं बजावलं, "आज तेवढा शब्द नको." मामांनी पोहे संपेपर्यंत तोंडच उघडलं नाही. शेवटी मुलीच्या वडिलांनीच विचारलं,

"मुलाची लाईन कुठली?"

त्यांना माझी नोकरी विचारायची होती. मी दूध डेअरीत टेस्टिंगला आहे. पण मामांना वाटलं, पाहुणे भानगडी उकरतायत. ते सरसावून बसले.

"हुती एक. मागल्या सालीच तुटली. आता पोरगं एकदम मोकळं हाय!"

सगळ्यांच्या हातातले चहाचे कप थांबले. आईनं डोळे मिटून घेतले. त्यात वाईट हे, की मामा खरं बोलत होते.

तेवढ्यात आतून हसू फुटलं. मुलगी पदर सावरत बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, काय लपवत न्हाईत हो ही माणसं." आमचं लग्न त्या वाक्यावर ठरलं.

सुजाता घरात आल्यावर मामा रोज चारच्या सुमाराला फोन घेऊन येऊ लागले. "पोरी, ह्याला लाईन हाय का न्हाय बघ की. एक रिंग मार." ती रिंग द्यायची, फोन वाजायचा, मामा खूश होऊन परत जायचे. पंधरा दिवसांनी मीच वैतागलो. "मामा, तो फोन बदला एकदा."

ते गेल्यावर सुजाता म्हणाली, "फोन चांगला हाय त्यांचा. आत कुणाकुणाचं फोन आल्यात ते बघितलंय मी. आजचा माझा, कालचा माझा, परवाचाबी माझाच. दुसऱ्या कुणाचा न्हाईच."

आता ती त्यांच्या येण्याची वाट बघत नाही. चहा ठेवला की स्वयंपाकघरातूनच फोन लावते. शेजारी रिंग वाजते. मामा ती चांगली चार-पाच वेळा वाजू देतात. मग घसा खाकरून, मोठ्या साहेबाच्या आवाजात विचारतात, "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी सुजाता, मामा."

"व्हय व्हय, बोल की. मी जरा कामात हुतो."