तेलरंगातले सांडगे

चित्रकला मला कळते. हसू नका! व्यवसायानं मी भूलतज्ज्ञ असलो, तरी एका अमूर्त चित्रकर्तीशी इतकी वर्षं संसार केलाय. कुठलंही चित्र समोर ठेवा, मी त्यावर तासभर बोलतो. अलका म्हणते, "तुझ्या पेशंटला इंजेक्शनची गरजच पडत नसेल!"

तिचं काम मात्र उलट. स्केच नाही, योजना नाही, नाव नाही. कॅनव्हाससमोर उभी राहते आणि हात जाईल तिकडे जाऊ देते. थांबायचं कधी ते कसं कळतं, असं विचारलं की म्हणते, "चित्रच सांगतं." आमच्या घरात मला फक्त वॉशिंग मशीन सांगतं!

तर, या मे महिन्यात लंडनच्या एका गॅलरीची क्युरेटर, हॅरिएट, आमच्या स्टॅनमोरच्या घरी येणार होती. अलकाचं नवं निळं चित्र पसंत पडलं, तर ते तिच्या ग्रुप शोमध्ये लागणार. आजवर लायब्ररीत नाहीतर चर्च हॉलमध्ये चित्रं लावणाऱ्या अलकाला पहिल्यांदाच खरी गॅलरी! बिचारीला जेवण जात नव्हतं. त्यात चित्राचा रंग अजून ओला.

"आधी केस कापून येते, मग हॅरिएटला स्टेशनवरून आणते," निघताना तिनं बजावलं. "तू चित्राला हात लावू नकोस. फक्त चहाचं बघ."

पण बाहेर ऊन पडलं होतं! इंग्लंडमध्ये ऊन वाया घालवणं मला पाप वाटतं. मी चित्र उचललं, बागेतल्या टेबलावर आडवं ठेवलं, आणि किडे बसू नयेत म्हणून वर मलमलचं पांढरं कापड ताणून चारी बाजूंना कपड्यांचे चिमटे लावले. व्यवस्था इतकी झकास झाली, की मी स्वतःवरच खूश होऊन हॅरिएटसाठी चार शब्द तयार करायला वर आरशासमोर गेलो.

आता आमची आई. सिंधुबाई. साताऱ्याहून उन्हाळ्यापुरती आलेली. ईलिंग रोडच्या देशी बाजारातून आणलेला कोहळा किसून, उडदाची डाळ वाटून, मिरची-हिंग घालून ती सकाळपासून तयार होती. "शशी, सांडगे घालायला उन्हात एक स्वच्छ कापड ताणून दे रे," अशी आठवडाभर तिची भुणभुण चालली होती. मी "हो हो" म्हणून विसरत होतो.

मी खाली आलो तर आई बागेत, हात पिठानं बरबटलेले, चेहरा समाधानानं फुललेला.

"गुणाचं रे माझं बाळ! न बोलता कापड घालून ठेवलंस!"

कापडभर सांडगेच सांडगे! त्यांच्या वजनानं कापड मधोमध खाली बसलं होतं आणि निळा रंग वर डोकवायला लागला होता.

"आई, अगं खाली चित्र आहे!"

"कुणाचं?"

"अलकाचं!"

"अगं बाई! मग वर कापड कशाला पसरलंस मेल्या?"

मी चिमटे काढले. आई "हळू, हळू" म्हणेपर्यंत ओढलंसुद्धा. कापड टर्रकन फाटलं! काही सांडगे त्याच्याबरोबर आले, बाकीचे मलमलीचे तुकडे घेऊन रंगात रुतून बसले. एक चमच्यानं काढला, तिथं खड्डा पडला. दुसरा काढायला गेलो, तो पसरला. तेवढ्यात बाजूचं फाटक वाजलं आणि अलका हॅरिएटला घेऊन आत आली.

अलकानं चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घाबरलो की मी बोलतो!

"हॅरिएट, ॲक्चुअली हे मायग्रेशनचं चित्र आहे! निळा म्हणजे समुद्र, आणि हे गोळे म्हणजे आपला देश सोडून आलेली—"

"सांडगे आहेत," अलका म्हणाली. "माझ्या सासूबाईंचे. यानं माझं चित्र वाळत घातलं."

"हाउ इंटरेस्टिंग," हॅरिएट म्हणाली. इंग्रज माणसानं असं म्हटलं, की समजावं, कारभार आटोपला!

अलका मात्र आईकडे वळली. "आई, इकडे दाट, तिकडे विरळ, असे कसे घातलेत?"

"कसे म्हणजे? हात जाईल तसे! त्यात काय ठरवायचंय?"

अलका बघतच राहिली. मग एकदम खळखळून हसली. बाह्या वर केल्या, स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं आणि भिडली! काही सांडगे खरवडले, काही ढकलले, रंग ओढला. निळ्यात पांढरट खड्डे, मलमलीचे धागे, मधेच मिरचीचा लालसर ओरखडा. मी आणून दिलेला चहा हॅरिएट हातातच विसरली. आई शेजारून सूचना देत होती, "तो राहू दे गं, छान बसलाय." आणि अलका ऐकत होती! माझं तिनं कधी ऐकलंय?

उलथनं थांबलं. अलका मागे सरली. "झालं."

"येस," हॅरिएट हळूच म्हणाली. "धिस वन, प्लीज."

अलकानं पिठाच्या हातांसकट आईला मिठी मारली. मला खरंच रडू आलं.

शोच्या दिवशी चित्राशेजारी पाटी होती: तेलरंग, मलमल, कोहळा, उडीद. अलकाचं नाव. त्याखाली 'सहकार्य: सिंधुबाई'. मी पाट्या लावणाऱ्या मुलीला बाजूला घेतलं आणि माझंही नाव कुठं बसेल का, असं विचारलं.

"शुअर," ती म्हणाली. "तुमचं काँट्रिब्युशन काय होतं?"

"ऊन," मी म्हणालो.

तिनं काचेबाहेर बघितलं. पाऊस धो धो कोसळत होता. मग, मी पेशंटशी बोलतो अगदी तशा मऊ आवाजात ती म्हणाली, "सर, तुम्ही जरा बसता का? मी पाणी आणते."